खांद्यावरची सायकल

जांभ्या चिऱ्यांनी भरलेला डंपर पुलाच्या वळणावर गिअर बदलतो तेव्हा आधी उसासा टाकल्यासारखा एक आवाज येतो, आणि मग घरघर. तो उसासा ऐकू आला की रेवा सायकलवरून उतरायची, सायकल रस्त्याच्या कडेला झुडपांत सारायची आणि डोळे मिटून उभी राहायची. धूळ जाते म्हणून, असं ती सांगायची. मी पुलाच्या कठड्याशी उभी राहून डोळे उघडे ठेवायचे. दोघींपैकी एकीने तरी बघत राहायला हवं होतं.

त्या दिवशी डंपर गेला, धूळ खाली बसली आणि झुडपांपाशी रेवा दिसेना. मी धावले. पुलावर चपला कधी सुटल्या ते कळलं नाही. पोहोचले तर ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती. तिच्या सायकलीपासून हातभर अंतरावर डंपरमधून निसटलेला चिरा पडून दोन तुकडे झाला होता.

"आई, हा बघ," ती म्हणाली. "बाहेरून लाल आणि आतून पिवळा."

मी तिचे हात, गुडघे, डोकं सगळं चाचपून पाहिलं. तिला काहीच झालं नव्हतं. तिने तो पिवळा तुकडा शाळेत बाईंना दाखवायला दप्तरात टाकला आणि सायकलवर बसून गेलीसुद्धा. नऊ वर्षांची होती. मी तिथेच बसून राहिले. मागून दुसरा डंपर येऊन हॉर्न वाजवायला लागला तेव्हा उठले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. एरवी माझ्या काळजीवर त्यांचं एक तरी वाक्य ठरलेलं असायचं. पुलावर उभी राहून राहून ह्या कोल्हापूरच्या बायची मान एक दिवस बगळ्यासारखी लांब होतली, हे त्यांनी अर्ध्या वाडीला सांगितलेलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी चुलीवरचं भाताचं टोप उतरवून ठेवलं आणि नुसत्या रेवाच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिल्या.

आमचं खारवळ गाव खाडीच्या काठाला आहे आणि शाळा वर सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर. तिथे जायला दोन वाटा. एक पुलावरून जाणारी, चिरेखाणींच्या डंपरांची. दुसरी जुनी. गावातून खाडीचं पाणी अडवणाऱ्या खाजणाच्या बांधावर चढायचं, डावीकडे खारफुटी आणि उजवीकडे पडीक भातखाचरं ठेवून बांधाच्या टोकापर्यंत जायचं, पुढे काजूच्या बागांमधून तांबड्या खडीची बैलगाडीची वाट, आणि मग गांगोची, आमच्या ग्रामदेवाची, राई. राई संपली की सडा, आणि सड्याच्या पार टोकाला शाळेचं छप्पर. सबंध वाटेवर एक मोटार भेटत नाही. पण ती पायी चालून शाळा गाठायची तर पोरांना घरातून अंधारात निघावं लागलं असतं, आणि सायकल राईत न्यायची सोय नव्हती; ती बाहेर ठेवून जायचं तर पुढचा लांबलचक सडा पायीच तुडवावा लागला असता. गांगोच्या राईत चाक जात नाही. बैलगाड्यासुद्धा पूर्वी राईच्या तोंडाशी सोडायचे.

राईचे नियम मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकले होते, आणि चांगलीच शिकले होते. देवदर्शनाला गेलो तेव्हा पाऊस थांबला म्हणून मी छत्री मिटून रुपेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. राईत चप्पल नाही, काडी मोडायची नाही, हे मला सांगितलेलं होतं. तिसरा नियम सांगायचा राहिला होता. राईत तुमच्या हातातली वस्तू तुमच्या हातातून सुटली, किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात गेली, की ती देवाची. माहेरून आणलेली, जांभळ्या फुलांची, लाकडी मुठीची ती छत्री अजून गांगोच्या देवळाच्या आढ्याला लटकलेली आहे. गावातल्या कुठल्याही नव्या सुनेला नियम शिकवायचा झाला की तीच दाखवतात.

अनुजाताई आमच्याकडे आली ती चिरा पडला त्यानंतर थोड्याच दिवसांनी. खाडीच्या बाजूच्या आमच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देत असू. पुण्याच्या सायकलवाल्यांचा तिचा गट होता. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मातीच्या वाटांवर सायकल चालवणारे लोक. तिच्या सायकलीला पुढे वाकलेलं हँडल आणि जाड, खरबरीत टायर होते. ग्रॅव्हल बाईक म्हणतात असं तिने सांगितलं. सासूबाईंनी ती सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि इतकी हलकी वस्तू माणसाला कशी पेलत असेल, अशी शंका काढली. अनुजाताई खाडीकाठची एक वाट शोधत होती. ती सापडली असती तर हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी तीस-चाळीस माणसं येऊन राहणार होती.

मी कॉलेजात भूगोल शिकले. नकाशा बघितला की मला चढउतार दिसतात. पण ह्या वाटेचा नकाशा माझ्या डोक्यात तयार होता त्याचं कारण कॉलेज नव्हतं. रेवा तान्ही असताना, ती झोपत नसे तेव्हा तिला खांद्यावर टाकून मी ह्याच वाटेने फिरायचे. बांध कुठे खचलाय, भरतीचं पाणी कुठे वर येतं, खडी कुठे सैल आहे, फुरसं कुठल्या दगडाखाली असतं, हे मला माहीत होतं, कारण प्रत्येक ठिकाणी मी मनातल्या मनात पोरीला घेऊन एकदा पडले होते.

मी रुपेशची जुनी सायकल काढली आणि अनुजाताईला पुढे घालून निघाले. रुपेश ट्रॉलरवर होता, आठवड्याने येणार होता. बांधावर कुर्ल्या, खाजणातले खेकडे, आमच्या चाकांखालून दोन्ही बाजूंना पळत होत्या. काजूच्या उतारावर अनुजाताईने ब्रेक सोडले आणि लहान मुलीसारखी ओरडत खाली गेली. राईच्या तोंडाशी आम्ही थांबलो. आत सावली इतकी गच्च होती की बाहेरची खडी एकदम पांढरी वाटत होती.

पुढे काय आहे, तिने विचारलं. मी राई सांगितली, सडा सांगितला, नियम सांगितले. मग तिला हेही सांगितलं की मला ही वाट कशासाठी हवी आहे. एका पोरीच्या शाळेसाठी गाव देवाला कौल लावणार नाही. पण गावात माणसं येणार असतील, चार घरांत पाहुणे उतरणार असतील, तर लावेल. आणि एकदा पाहुण्यांची चाकं गेली की रेवाचीही जातील.

अनुजाताई माझ्याकडे वळली. "म्हणजे माझा गट हे तुझं निमित्त आहे."

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि हसली.

कौल शुक्रवारी लावायचं ठरलं. राईतल्या देवळात मानकरी बाबल गावकर, गुरव, वाडीतली वीस-पंचवीस माणसं. बायका खांबाच्या मागे, छत्रीखाली. रेवाला शाळेतून सुट्टी होती. ती आपली लाल सायकल घेऊन आली होती आणि ती तिने राईच्या तोंडाशी उभी केली होती. तिच्या चुलतभावाची जुनी सायकल, लोखंडाची, जड, एका पॅडलचं रबर गेलेली.

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी बाबल गावकरांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा गांगो म्हाराजा, पुण्याकडची माणसा तुझ्या गावात येवचा म्हणतत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेंका मोटारी आसत, घरदारा आसत, तरी तेंका सायकल चलवन घाम गाळूची हौस आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेंची चाकां तुझ्या राईतसून गेली तर तुका चलात काय नाय, ता आज सांग म्हाराजा."

अनुजाताई माझ्या शेजारी ओठ दाबून उभी होती. मला हसू येत नव्हतं. मी उजव्या पाकळीवरून डोळे हलवले नव्हते. गुरव बाजूला झाला. खूप वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी हळूच सुटली आणि पाषाणावरून घसरत खाली आली.

नकार म्हणजे नकार. बाबल गावकरांनी देवाला नमस्कार केला आणि उपरणं झटकलं. लोक निघण्याच्या बेतात आले. अनुजाताई हळूच म्हणाली की तिचा गट डांबरी रस्त्यानेच जाईल, काळजी करू नकोस. मला तिच्या गटाची काळजी नव्हती. सोमवारी पुन्हा पुलावर उभं राहायचं होतं.

मी सासूबाईंच्या कानाशी वाकले. म्हटलं, आई, देवाने चाकाला नाही म्हटलं. सायकलीला म्हटलंय का?

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आता एखादा टोमणा येणार असं मला वाटलं. तेवढ्यात त्या खांबाच्या मागून पुढे गेल्या.

"बाबल, शिमग्यात पालखी जाता मा राईतसून?"

"जाता. मगे?"

"ती काय चाकांर जाता? खांद्यारसून जाता. सायकल खांद्यार घेतली तर देव काय म्हणता, ता तेका इचार."

बाबल गावकर म्हणाले, देवाने नाही म्हटल्यावर तोच प्रश्न परत घालायचा नसतो, वयनीला हे माहीत असायला हवं.

"तोच खय? ह्यो नवो," सासूबाई म्हणाल्या, आणि परत खांबाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, जणू काही त्या गेल्याच नव्हत्या.

पुरुषांत कुजबुज झाली. गुरवाने बाबलकडे बघितलं, बाबलने पाषाणाकडे. शेवटी नव्या पाकळ्या ओल्या केल्या गेल्या, नवं गाऱ्हाणं झालं. ह्या वेळी वाट बघावी लागली नाही. गुरवाचा हात बाजूला होतो न होतो तोच उजवी पाकळी खाली आली.

बाबल गावकरांनी नियम सगळ्यांना ऐकू जातील असे सांगितले. पाय अनवाणी. चाक भुयेक लागता नये. आपली सायकल आपणच न्हेवची, हात सोडूचो नाय, आणि दुसऱ्यान हात लावलो की ती देवाची. बोलताना त्यांनी वर छत्रीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

आम्ही सगळे राईच्या तोंडाशी परत आलो आणि अनुजाताईने अनवाणीच आपली हलकी सायकल खांद्यावर टाकली आणि राईत काही अंतर जाऊन आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. तिने मला बाजूला घेऊन समजावलं. मुळं फार आहेत, दगडी पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. तिला वाईट वाटतंय, देवाने हो म्हटलं तेही खरं. पण तिच्या गटात साठीचे लोक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, सायकल उचलायची सवय नसलेले. अनवाणी, खांद्यावर ओझं घेऊन एवढं चालायला ते तयार होणार नाहीत. आणि तिचा गट आला नाही तर पाकळी पडूनही उपयोग नव्हता, कारण गावाने कौल घेतला होता तो पाहुण्यांसाठी.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ही पोरगी खय चालली?

रेवाने चपला काढून वाटेच्या बाजूला जोडीने ठेवल्या होत्या. लाल सायकलीच्या मधल्या दांड्यात खांदा घालून ती उठायचा प्रयत्न करत होती. एकदा उठली, बसली. दुसऱ्यांदा उठली आणि उभी राहिली. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. ती राईत शिरली.

मी तिच्या मागे गेले. सगळेच गेले. मी सगळ्यांत पुढे, तिच्या पाठीपासून हातभरावर, आणि माझे हात आपसूक पुढे होत होते. सायकलचं मागचं चाक झाडाला घासलं की पुढे, तिचा पाय मुळावर पडला की पुढे. शेवटी मी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. मी बोट लावलं असतं तरी सायकल आढ्याला गेली असती आणि वाट बंद झाली असती. रेवाला ते माहीत होतं. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

राईत पक्षी नव्हते, निदान मला ऐकू आले नाहीत. तिचा श्वास मात्र येत होता, आणि साखळीचा बारीक खुळखुळाट. पायऱ्यांपाशी ती थांबली, अनवाणी अंगठ्याने शेवाळ चाचपलं, कोरडी कड शोधली आणि चढली. मी तिला रस्त्यावर किती वेळा सांगितलं होतं, आधी बघ, मग पाय टाक. पुढची पायरी. पुढची. चौथ्या की पाचव्या पायरीवर दांडा खांद्यावरून घसरून दंडावर आला आणि तिच्या तोंडून हुंदका निघाला.

"रेवा," मी म्हटलं.

तिने सायकल दोन्ही हातांनी मिठीत धरली. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर होतं, मग चार बोटं. माझं मनगट दुखायला लागलं. आणि मग तिने अंग वळवलं, सायकल आपल्या पोटावरून उलटी केली, आणि सीट आणि हँडल खाली टेकवून ती पायरीवर उभी केली. साखळी पडली की घरी अंगणात करायची, तशी. दोन्ही चाकं वर, हवेत गरागरा फिरत होती. ती शेजारी बसली आणि धापा टाकत राहिली.

सगळे बाबल गावकरांकडे बघू लागले. ते पुढे आले, वाकले, सायकलीच्या खालून बघितलं, वरून बघितलं.

"चाक वर आसा," ते म्हणाले. "हात खय आसा?"

रेवाचा एक हात मधल्या दांड्यावर होता. तिने तो उचलला नाही, नुसतं डोक्याने दाखवलं. "हयसर."

"मगे बस दम खाईत."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, व्हय म्हाराजा. पहिल्यांदा सगळे हसले. रेवासुद्धा.

मी तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसले. पदराने तिचा घाम पुसावासा वाटत होता आणि पुसायला हरकतही नव्हती. पण सायकल इतकी जवळ होती की माझा माझ्या हातांवर विश्वास नव्हता. खांद्यावर दांड्याचा लाल वळ उठला होता. मी तो बघत राहिले. बरं वाटलं की उठते, ती म्हणाली. मी हो म्हटलं.

ती उठली. पुढे आणखी एकदा सायकल उलटी करून बसली, मग पुन्हा उठली. झाडं विरळ झाली, पायाखाली वाळलेली पानं कमी होऊन कातळ लागला, आणि सड्यावरच्या पिवळ्या गवताचा उजेड एकदम अंगावर आला. हद्दीच्या दगडापलीकडे पाऊल टाकून तिने सायकल सरळ केली आणि चाकं जमिनीला टेकवली. समोर शाळेचं छप्पर दिसत होतं. मग ती त्या दगडावर बसली आणि रडली. खूप नाही, थोडंच.

तेव्हा मी तिला जवळ घेतलं.

अनुजाताई सगळ्यांत शेवटी राईतून बाहेर आली. तिच्या खांद्यावर तिची सायकल होती. सगळी वाट चढून आलेली ती, पायाला शेवाळ लागलेलं.

"हिला जमतंय, तर माझ्या बँकवाल्यांना काय धाड भरलीये," ती म्हणाली.

डिसेंबरात पहिला गट आला. बँकवाले कुरकुरले, पाय सोलवटले आणि पुढच्या वर्षी आणखी माणसं घेऊन आले. आता लोक खाडीसाठी येतात की राईसाठी, हे मला सांगता यायचं नाही. राईच्या तोंडाशी बुटांच्या रांगा लागतात, आणि दमलेला माणूस सायकल उलटी करून बसतो त्याला गावात रेवा करणं म्हणतात. शाळेची पोरं सगळी तिथूनच जातात. पुलावर मी त्यानंतर उभी राहिले नाही. रेवा आता रत्नागिरीला कॉलेजात आहे, आणि तिला रस्ता ओलांडताना मी फोनवर बोलू देत नाही.

पण मला आठवतं ते त्या दिवशीचं परतणं. रेवा अनुजाताईबरोबर सड्यावर थांबली होती, तिला ती पुढे वाकलेल्या हँडलची सायकल चालवून बघायची होती. आम्ही बाकीचे राईतून खाली निघालो. मी मागे होते. मनगटावर माझ्याच नखांचे चार चंद्र उठले होते, ते चोळत चालले होते. पुढे सासूबाई आणि बाबल गावकर. बाबल रेवाचं कौतुक करत होते. एवढीशी पोर, पण काय ती जिद्द, वयनी, तुमची नात नाव काढतली.

"पोरगी उचलतलीच, तेचा काय मोठा," सासूबाई म्हणाल्या. मी ऐकतेय हे त्यांना माहीत नव्हतं. "पण ह्या कोल्हापूरच्या बायन हात लावल्यान नाय, ता बघलंस?"

मी पावलं हळू केली, म्हणजे त्यांना माझी चाहूल लागू नये. बांधापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांनी ते वाटेत भेटलेल्या आणखी दोघांना सांगितलं.